जाड्या-रड्याच्या शेवटच्या सिनेमात हसू का येत नाही?

आमच्या नाट्यशिबिरातल्या एका मुलानं प्रश्न पाठवलाय. “सर, लॉरेल-हार्डीचा शेवटचा सिनेमा मोबाइलवर पाहिला. अर्ध्यात बंद केला. हे तेच दोघं का? वय झालं की कॉमेडी संपतेच का? मग आपल्या एकांकिकेत आम्ही दोघं म्हातारे करतोय, त्यांना लोक हसतील कशाला?”

एकांकिकेचं शेवटी बोलतो. आधी सिनेमाचं. मी काही सिनेमाचा अभ्यासक नाही. पस्तीसेक वर्षं जोडीनं विनोद करून पोट भरलं, एवढीच माझी लायकी. नागपुरात धनवटे, सायंटिफिक, देशपांडे सभागृह आणि दिवाळी उलटली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांच्या मुलखात, वडसा-सिंदेवाहीकडे. त्यामुळे मी बोलणार ते विंगेतल्या माणसासारखं बोलणार.

तू पाहिलास तो हॉलिवूडच्या या जुन्या विनोदी जोडीचा शेवटचा सिनेमा ‘अटोल के’, १९५१चा. फ्रान्स आणि इटलीच्या निर्मात्यांनी मिळून काढलेला. इंग्लंडात तो ‘रॉबिन्सन क्रूसोलँड’ नावानं लागला आणि अमेरिकेत १९५४ साली ‘युटोपिया’ म्हणून. देशागणिक नाव वेगळं, लांबीही वेगळी. फ्रेंच प्रत शंभर मिनिटांच्या आसपास, अमेरिकन ८२. अमेरिकेत त्याचे हक्क कुणाकडे उरले नाहीत, म्हणून जो तो त्याच्या स्वस्त कॅसेटी काढत सुटला, मग डीव्हीडी, आणि आता तुझा मोबाइल. त्यांची चांगली कामं इतकी सहज फुकटात मिळत नव्हती. एखाद्या गवयाला कुणी आयुष्यभर ऐकलं नाही आणि घसा बसलेल्या दिवसाची तेवढी टेप गावभर फिरली, तसं झालंय हे. तेव्हा पहिलं काम म्हणजे १९३२चा ‘द म्युझिक बॉक्स’ बघ. अर्ध्या तासाचा आहे. दोन माणसं, एक पियानो आणि लांबलचक जिना. त्याला ऑस्कर मिळालं होतं. तो बघितल्याशिवाय पुढचं वाचलंस तरी उपयोग नाही.

आता तुझा संशय वयावर आहे. ‘अटोल के’चं चित्रीकरण ऑगस्ट १९५० मध्ये सुरू झालं. स्टॅन लॉरेलचा जन्म १८९०चा, ऑलिव्हर हार्डीचा १८९२चा. म्हणजे एक साठीला टेकलेला, दुसरा अठ्ठावन्नचा. अरे, साठी म्हणजे काय वय आहे? आमच्याकडे साठीचा नट अजून तरुण नायकाचं काम सोडायला तयार नसतो!

आजारपण मात्र खरं होतं. लॉरेलला मधुमेह आधीपासून होता. फ्रान्समध्ये गेल्यावर आव झाली, प्रोस्टेटचं दुखणं उपटलं, पॅरिसला दवाखान्यात ठेवावं लागलं. वजन ११४ पौंडांपर्यंत उतरलं, म्हणजे ५२ किलोच्या आत. बायको आयडा सोबत होती, तिनं शुश्रूषा केली. तो परत कॅमेऱ्यासमोर आला तेव्हा थोडा थोडा वेळच उभा राहू शकत होता. इकडे हार्डीचं वजन दीडशे किलोच्या घरात गेलेलं आणि हृदयाचे ठोके बिघडलेले. बारा आठवड्यांत आटपायचं म्हणून ठरलेलं काम १९५१ उजाडून गेलं तरी चालूच होतं. त्यामुळे पडद्यावर एका दृश्यात लॉरेल बरा दिसतो आणि पुढच्याच दृश्यात गालफडं बसलेली. जणू दारातून आत जाताना एक माणूस, खोलीत पोचताना दुसराच.

आपल्या लोकांनी या जोडीला नाव ठेवलं ‘जाड्या-रड्या’. मला हे नाव फार आवडतं. कारण जाड्याच्या जोडीला कुणी बारक्या म्हटलं नाही, रड्या म्हटलं. एकाचं शरीर धरलं, दुसऱ्याची खोड धरली. आणि ही दोन्ही सोंगं होती हे बघणाऱ्याला ठाऊक होतं. हार्डी लठ्ठ होता खरा, पण पावलं टाकायचा ती नाचणाऱ्या माणसाची. रड्याचं रडणं तर दोन सेकंदांचं. डोक्यावरचे केस ओढले, चेहरा आवळला, संपलं. ‘अटोल के’मध्ये ती नावं खरी झाली. जाड्याला खरोखरच धाप लागतेय आणि रड्या कुठल्याही क्षणी खरोखर रडेल असा दिसतो. तिथं हसू अडकतं.

हे मला कसं कळलं ते सांगतो.

माझा जोडीदार माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. सगळे त्याला भाऊच म्हणायचे, मीही. आमचा एक हुकमी प्रसंग होता. भाऊ शेतातून दमून येतो, तिपाईवर बसायला जातो, त्याच वेळी मी कंदील काढायला म्हणून ती तिपाई ओढतो, आणि भाऊ धप्पकन खाली. पडल्यावर तो माझ्याकडे बघायचाच नाही. प्रेक्षकांकडे बघायचा, की ‘पाहिलं ना तुम्ही?’ मग मी कंदील हातात घेऊन वळायचो आणि म्हणायचो, “भाऊ, खाली काऊन बसले?” वीस वर्षं या वाक्यावर मंडप कोसळला. वडस्याला तर हशा इतका लांबायचा की मला कंदिलाची काच पुसत उभं राहावं लागे. नागपूरच्या सभागृहात तोच हशा तोकडा पडायचा, काच पुसायला घेतली की जागा मेली. म्हणून आम्ही दोन मापं ठेवली होती, एक काच पुसायचं आणि एक न पुसायचं.

एका जानेवारीत सिंदेवाहीजवळच्या गावात प्रयोग होता. रात्रीचे दोन वाजलेले, कडाक्याची थंडी, लोक ब्लँकेटं गुंडाळून बसलेले. भाऊ तेव्हा सहासष्टचे. मी तिपाई ओढली, ते पडले. नेहमीसारखेच, कुल्ल्यावर वजन घेऊन, हात मागे न टेकता. आणि मंडपात चिडीचूप. पुढच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला, “अवो माय, लागलं वाटते बुड्याले!” माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, ते सुटलं, “भाऊ, खाली काऊन बसले?” ते माझंच वाक्य माझ्या कानाला असं लागलं की विचारू नकोस. मी म्हाताऱ्या माणसाची तिपाई ओढणारा हलकट झालो होतो. विंगेत आल्यावर भाऊ मला विचारतात, “मी तं तसाच पडलो ना बे, जसा रोज पडतो. मंग हासले काऊन नाहीत?”

ते खरंच बरोबर पडले होते. टायमिंग चुकलं नव्हतं, वाक्य चुकलं नव्हतं. प्रेक्षक काळजीत पडला होता. पडणाऱ्या माणसाला काही होत नाही, तो उठून पुन्हा पडायला तयार आहे, ही खात्री असेपर्यंतच माणूस हसतो. ती खात्री गेली की तोच प्रसंग अपघात होतो. ‘अटोल के’मध्ये वादळ आहे, बुडणारी नाव आहे, फाशीचा दोर आहे, आणि या सगळ्यात बावन्न किलोचा आजारी माणूस आहे. तू अर्ध्यात बंद केलास यात तुझं काही चुकलं नाही. तू त्या मंडपातल्या बाईसारखा आहेस.

पण नुसत्या आजारावर खापर फोडणं मला पटत नाही. कारण आजारी माणसालाही जपून वापरता येतं, जर वापरणारा जाणता असेल तर. इथं दुसरं दुखणं सुरू होतं, आणि माझ्या मते मोठं तेच.

या दोघांची जोडी १९२७च्या सुमारास हॅल रोच या अमेरिकन निर्मात्याच्या स्टुडिओत जमली. लॉरेल इंग्लंडच्या रंगमंचावरून आलेला, फ्रेड कार्नोच्या कंपनीत घोटून निघालेला. चॅप्लिनही त्याच कंपनीतला, दोघं एकाच ताफ्यातून अमेरिकेला आले. रोचकडे श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून दुसऱ्याचंच नाव असायचं, पण प्रसंग रचताना लॉरेल बसलेला, संकलनाच्या टेबलाशीही लॉरेलच. काम सुटलं की हार्डी गोल्फ खेळायला जाई, लॉरेल मात्र तिथंच. कथा ज्या क्रमानं घडते शक्यतो त्याच क्रमानं चित्रीकरण, म्हणजे आज सुचलेली गंमत उद्याच्या प्रसंगात वाढवता येते. आणि सिनेमा पक्का करण्याआधी तो खऱ्या प्रेक्षकांना दाखवायचे. कुठं हशा येतो, किती वेळ टिकतो, ते बघून पुन्हा कात्री. हशा लांब असेल तर हार्डी कॅमेऱ्याकडे बघत राहतो तो तुकडा लांब, आखूड असेल तर आखूड. आमची काच पुसायची भानगड तीच! फक्त आम्हाला ती रोज रात्री करता यायची, त्यांना एकदाच आणि सगळ्या जगासाठी.

हार्डी कॅमेऱ्याकडे बघतो ना, वैतागून, टाय चाळवत, ती नुसती लकब समजू नकोस. ती प्रेक्षकाला हसायला दिलेली जागा आहे. तेवढ्या वेळात पुढचं काही घडत नाही, मुद्दाम घडू देत नाहीत.

१९४० मध्ये ते रोचकडून सुटले. पुढं १९४१ ते ४५ फॉक्स आणि एमजीएम या बड्या कंपन्यांकडे मिळून आठ सिनेमे केले. तिथं लिहून आलेलं म्हणायचं आणि घरी जायचं. लॉरेलला संकलनाच्या खोलीत कुणी विचारेना. हे सिनेमे तुला सापडले तर बघ, तब्येत बरी असतानाही जोडी कशी विझते ते दिसतं. माझ्या मते पडझड तिथंच सुरू झाली, ‘अटोल के’ हा त्या रस्त्यावरचा शेवटचा खड्डा. १९४५ नंतर अमेरिकेत त्यांना सिनेमाच मिळाला नाही. मधे १९४७ मध्ये इंग्लंडच्या रंगमंचावर दौरा केला, तिथं लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि मग फ्रान्सचं बोलावणं आलं.

फ्रान्समध्ये काय होतं? दिग्दर्शक लिओ जोआनों फ्रेंच. नायिका सुझी डेलेअर फ्रेंच, सोबतचा एक नट फ्रेंच, एक इटालियन. लॉरेल-हार्डी इंग्रजीत बोलणार, समोरचा फ्रेंचमध्ये उत्तर देणार, तिसरा इटालियनमध्ये, आणि नंतर प्रत्येक देशासाठी आवाज वरून चिकटवणार. गाडी रुळावर येईना म्हणून ओळखीतला जुना दिग्दर्शक आल्फ गोल्डिंग मदतीला आणला. जॉन बेरी नावाच्या अमेरिकन दिग्दर्शकानंही बराच भाग सांभाळला. पण अमेरिकेत तेव्हा कम्युनिस्ट म्हणून लोकांना काळ्या यादीत टाकणं चालू होतं, त्यात तो सापडलेला, म्हणून त्याचं नाव पडद्यावर नाही. बघ, किती हातांनी वरण ढवळलं.

आता जोडीच्या विनोदात भाषा म्हणजे काय ते समजून घे. तू वाक्य टाकतोस, तो झेलतो. हशा टाकणाऱ्याच्या तोंडावर पिकत नाही, झेलणाऱ्याच्या तोंडावर पिकतो. लॉरेलनं काहीतरी मूर्खासारखं म्हटलं की आपण हार्डीकडे बघतो, त्याला ते कळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आपण हसतो. समोरच्याला तुझी भाषाच येत नसेल तर तो ऐकत नाही, तुझे ओठ थांबायची वाट बघतो. ‘अटोल के’ पुन्हा लाव आणि आवाज बंद कर. जिथं फक्त हे दोघं आहेत तिथं काहीतरी जिवंत हलताना दिसेल. तिसरा माणूस चौकटीत आला की सगळे आपापल्या पाळीची वाट बघत उभे. गॅदरिंगमधल्या मुलांसारखे.

गोष्टीबद्दल थोडं. लॉरेलला वारशानं एक बोट आणि एक बेट मिळतं. दोघं निघतात, सोबत एक बिनदेशाचा माणूस, जो कुठल्याच देशाला नको आहे, आणि एक लपून आलेला इटालियन गवंडी. वादळात समुद्रातून नवंच बेट वर येतं, त्यावर हे अडकतात. एक गायिकाही येऊन मिळते. मग ठरतं की इथं आपलं राज्य, कायदा नाही, कर नाही, पासपोर्ट नाही, पैसा नाही. तेवढ्यात बेटावर युरेनियम सापडतं, जगातले उडाणटप्पू धावून येतात, कायदाच नसल्यानं गोंधळ माजतो आणि राज्य स्थापणाऱ्यांनाच फासावर द्यायची वेळ येते.

कल्पना वाईट नाही, उलट चांगलीच आहे. पण ती या दोघांच्या अंगाची नाही. त्यांचा विनोद एका पियानोवर चालतो, एका टोपीवर चालतो, दार उघडत नाही यावर वीस मिनिटं चालतो. त्यांना प्रजासत्ताक आणि अणुबॉम्बचा कच्चा माल दिला की ते त्यात हरवतात. जाड्याला राज्यघटना नको, जाड्याला शिडी द्या!

तरी दोन-तीन जागा अशा आहेत की मी त्यासाठी सिनेमा माफ करतो. सुरुवातीला वकिलाच्या कचेरीत वारशाच्या पैशांचा ढीग समोर मांडला जातो आणि कर, फी असं करत करत डोळ्यांदेखत वितळतो. यात कुणी पडत नाही, कुणी धावत नाही. दोघं बसून फक्त बघतात. म्हणून तो प्रसंग चालतो. दुसरी जागा म्हणजे खातेवाटप. हार्डी राष्ट्राध्यक्ष होतो, बाकीच्यांनाही पदं मिळतात, आणि लॉरेल उरतो तो ‘जनता’. बस्स. एवढ्या एका शब्दात पूर्ण सिनेमा होता, लिहिणाऱ्यांना दिसला नाही. आणि शेवट: आधी ठरलेल्या बेटावर एकदाचे पोचतात, तर कराच्या थकबाकीपोटी सामानासकट सगळं जप्त होतं. हार्डी वळून आपलं ठेवणीतलं वाक्य म्हणतो, की घातलंस ना मला पुन्हा एका घोळात, आणि लॉरेल रडायला लागतो. जोडी म्हणून पडद्यावरचं त्यांचं अखेरचं बोलणं तेच. मी नेहमी तिथंच हसतो आणि लगेच पाणी प्यायला उठतो.

मग त्यांनी आधीच थांबायला हवं होतं का? तू हे विचारलं नाहीस, पण प्रश्नात ते आहे. मला तसं वाटत नाही, आणि याला पुरावा आहे. शेवटचा सिनेमा हे त्यांचं शेवटचं काम नव्हतंच. १९५२ मध्ये ते पुन्हा इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले, आणि परत १९५३-५४ मध्ये. त्या शेवटच्या दौऱ्यासाठी लॉरेलनं स्वतः प्रवेश लिहिला. दोघांना व्हिस्की चाखायची नोकरी लागते. हार्डीला इतकी चढते की तो स्वतःला पक्षी समजून खिडकीतून उडी घेतो. पण उडी आपल्याला दिसत नाही. पडदा उघडतो तेव्हा हार्डी दवाखान्यात, पलंगावर, बँडेजमध्ये, आणि लॉरेल भेटायला आलेला. लक्षात आलं का? लेखणी स्वतःच्या हातात असताना त्यानं काय केलं, तर दम लागणाऱ्या मित्राला पलंग दिला. ज्याला हलता येत नाही अशा जाड्याच्या उशाशी रड्याला बसवला, आता काय व्हायचं ते होऊ दे. पडणं पडद्यामागे, काळजी पडद्यामागे, समोर फक्त वैताग. हा तोच लॉरेल आणि ‘अटोल के’च्या वेळेपेक्षा तीन वर्षांनी म्हातारा.

मे १९५४ मध्ये प्लिमथला हार्डीची तब्येत बिघडली आणि दौरा तिथंच संपला. १९५६ मध्ये त्याला पक्षाघात झाला, ७ ऑगस्ट १९५७ला तो गेला. लॉरेल १९६५पर्यंत जगला, पण पुन्हा कुणाबरोबर उभा राहिला नाही. सांता मोनिकाला छोट्या घरात राहायचा आणि त्याचा नंबर सगळ्यांसारखा फोनच्या डिरेक्टरीत छापलेला असायचा. कुणीही फोन करावा. मी त्या काळात तिकडं असतो तर भाऊंच्या पडण्याचं त्याला नक्की विचारलं असतं.

आता तुमची एकांकिका. परवा तालमीत पाहिलं. तुम्ही दोघं बावीस वर्षांचे, कंबरेत वाकलात, हात थरथरवलेत, खोकलात. ते सगळं काढून टाका. थरथर दिसली की प्रेक्षकाला काळजी वाटायला लागते, नाहीतर तुमची कीव येते, आणि दोन्हीत हसू मरतं. तुम्ही एक साधं काम घ्या: शर्टाचं बटण, डबीचं झाकण, काहीही. म्हाताऱ्याला ते जमत नाही असं नाही, त्याला ते त्याच्या पद्धतीनंच करायचं असतं आणि त्या पद्धतीला वेळ लागतो. तो वेळ पूर्ण घ्या. आणि दुसऱ्यानं काहीच करायचं नाही, नुसतं बघायचं. तू पहिल्याला मदत करायला पुढं सरकतोस, ते तर मुळीच नको.

सिंदेवाहीच्या त्या रात्रीनंतर तिपाई आम्ही ट्रकमध्येच ठेवली. भाऊ दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी ओसरीवरची हातांची लाकडी खुर्ची उचलून आणली आणि म्हणाले, “आता मी पडत नाही. मी बसतो.” त्या रात्री ते शेतातून आले, खुर्चीकडे पाहिलं. दुपट्टा काढून सीट झटकली. एक हात टेकवला, विचार बदलला, दुसरा टेकवला. अर्धे खाली गेले आणि थांबले, प्रेक्षकांकडे पाहिलं, की पुढचा रस्ता माहीत आहे, घाई करू नका. पहिला हशा तिथं आला. मी कंदिलाची काच पुसत उभा. पूर्ण टेकायला त्यांनी दीड मिनिट घेतलं असेल, आणि टेकल्यावर असा सुस्कारा सोडला की मागच्या रांगेपर्यंत लोक लोळत होते. तो हशा ओसरू दिला, काच खाली ठेवली आणि म्हणालो, “भाऊ, उठा. ते माही खुर्ची हाय.”